गाणं ऐकायला घेतलं आणि कागदच वाचत बसलो

पैसे देऊन गाणी घेतली हे घरी कळलं तेव्हा बायकोनं एकच विचारलं, फुकट मिळतंय तर मग कशाला? बरोबर आहे तिचं. आणि मी घेतलं तरी काय, तर किर्गिझस्तानातल्या डोंगरातल्या लोकांची गाणी, ज्यातला एक शब्द कळत नाही. आठशेच्या वर रुपये गेले, त्याच्याआधी कार्डावरचं इंटरनॅशनल चालू करायला ॲपमध्ये अर्धा तास झटलो ते वेगळंच. तर त्याला दोन वर्षं झाली, हळूहळू सात-आठ अल्बम जमलेत, काही डाउनलोड, काही सीडी, एक मोठी काळी रेकॉर्ड. लातूर-धाराशिव अप-डाउन करतो, एसटीत कानात हेच असतंय. लोकसंगीतच तेवढं काढणाऱ्या ज्या कंपन्या आहेत ना, त्यांच्याबद्दल मराठीत कोणी काही लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून म्हणलं आपणच टाकू.

सगळ्यात आधी फोकवेज. न्यूयॉर्कमध्ये मोझेस ॲश नावाच्या माणसानं मॅरियन डिस्टलर या बाईला सोबत घेऊन १९४८ साली ही कंपनी काढली. आपल्याकडं निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेच साल. ॲश १९८६ ला गेला तोपर्यंत २,१६८ रेकॉर्डी काढून झाल्या होत्या, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं आठवड्याला एक असा हिशोब पडतोय. १९८७ मध्ये अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेनं सगळं घेतलं, पण एक अट होती, यादीतली एकबी रेकॉर्ड बंद करायची नाही, खपो न खपो. ॲशचं म्हणणं होतं की इंग्रजीतलं क्यू अक्षर कमी लागतं म्हणून काय ते बाराखडीतून काढून टाकता का. मला हे लई पटलं. आपला ञ बघा ना, वर्षातनं एकदाबी लिहायची वेळ येत नाही पण पोराला तर शिकवावाच लागतो.

ह्या हट्टापायी त्या यादीत काय काय आहे ते वाचलं तर हसू येतंय. उत्तर अमेरिकेतल्या बेडकांच्या आवाजाची एक आख्खी रेकॉर्ड आहे, १९५८ ची. ऑफिसातल्या आवाजांची आहे, टाइपरायटर वगैरे. अमेरिकेतल्या बेडकाचा आवाज ६५ वर्षं झाली तरी दुकानात मिळायलाय आणि माझ्या लहानपणी आमच्या गावात नवरात्रात जो संबळ वाजायचा त्याचा एक मिनिटाचा तुकडा कुठं नाही. बेडकाबद्दल राग नाही माझा. पण लागतंय मनाला.

बरं, घेतलं काय ते सांगतो. २००६ चा अल्बम आहे, तेंगीर-तू, माउंटन म्युझिक ऑफ किर्गिझस्तान. मध्य आशियाच्या संगीताची दहा भागांची मालिका आहे, आगा खान यांच्या संस्थेसोबत मिळून केलेली, त्यातला पहिला भाग. तीन तारांचं कोमुझ म्हणून वाद्य आहे, आपल्या तुणतुण्याचा शिकलेला भाऊ समजा. मोरचंगासारखं तोंडात धरून वाजवायचं एक लोखंडी वाद्य आहे. आणि मनास नावाचं त्यांचं महाकाव्य आहे, लाखो ओळींचं, ते म्हणणाऱ्याला मनासची म्हणतात, तो वाद्याशिवाय नुसत्या आवाजावर म्हणतो. त्याचा तुकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी धाराशिवच्या स्टँडवर उभा होतो आणि खरं सांगतो मला वाटलं की गोंधळी आख्यान लावायलाय. तोच वेग, तेच एका दमात ओढत नेणं, श्वास कुठं घेतला ते कळू न देणं. आमच्याकडं संबळ मधी पडतो तेवढा दम खायला मिळतो, ह्या गड्याला तेबी नाही.

पण मी काय म्हणत होतो, गाण्यापेक्षा मला येड लागलं ते त्याच्यासोबतच्या पुस्तिकेचं. फोकवेजच्या कुठल्याबी अल्बमची पुस्तिका त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहे, अल्बम विकत घ्या नका घेऊ. वाजवणारा कोण, कुठला, कुणाकडं शिकला, वाद्य कशाचं केलंय, हे गाणं कधी म्हणतात, शब्दांचा अर्थ काय, रेकॉर्डिंग कुणी केलं. सगळं. जुन्या रेकॉर्डी असतील तर टाइपरायटरवर बडवलेली पानं जशीच्या तशी स्कॅन केलेली आहेत, डाग-बिग सकट. मी आधी गाणं लावून पुस्तिका वाचायचो, आता उलटं झालंय, पुस्तिका वाचून मग गाणं लावायचं का नाही ते ठरवतो.

दुसरी घेतली ती अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक, १९५२ ची, हॅरी स्मिथ नावाच्या माणसानं गोळा केलेली. ही गंमत आहे बघा, ह्यानं स्वतः एकबी गाणं रेकॉर्ड केलं नाही. १९२७ ते १९३२ च्या काळात बाजारात निघालेल्या, लोकांनी फेकलेल्या जुन्या तबकड्या ह्यानं जमवल्या होत्या, त्यातली ८४ गाणी निवडली. आणि कागद असा केला की विचारू नका. प्रत्येक गाण्याची गोष्ट पेपरातल्या मथळ्यासारखी एका ओळीत. बेडकाचं उंदराशी लग्न लागतं असं एक गाणं आहे (परत बेडूक, मी मुद्दाम नाही आणला), तर त्याचा मथळा साधारण असा, उंदीर-बेडूक विवाह संपन्न, नातेवाइकांची संमती. आपल्या जिल्हा पानावर खपून जाईल.

त्यात त्यानं आणखी एक केलं. गाणारा गोरा का काळा ते कुठंच लिहिलं नाही. त्या काळात कंपन्या काळ्यांच्या रेकॉर्डी वेगळ्या यादीत आणि गोऱ्यांच्या वेगळ्या यादीत विकायच्या, ह्यानं सगळ्या एकात एक मिसळल्या. ऐकणाऱ्यांना कितीतरी वर्षं कळलंच नाही की मिसिसिपी जॉन हर्ट हा माणूस काळा आहे. मला हे वाचून आधी लई भारी वाटलं, मग दोन दिवस डोक्यात घोळत राहिलं. आपल्याकडं असं करता येईल का? गोंधळी, वासुदेव, पोतराज, हलगीवाला, ह्यात वाद्य म्हणजेच जात आहे. हलगी कुणी वाजवायची आणि मिरवणुकीत कुठं चालायचं हे गावानं ठरवून दिलेलं होतं, बाबासाहेबांचं ऐकून कितीतरी घरांनी ही गावकीची कामं सोडून दिली आणि चांगलंच केलं. मग तिथं जात न लिहिणं म्हणजे बरोबरी झाली का झालेलं पुसून टाकणं झालं? स्मिथनं केलं ते तिथं शोभतं. इकडं मला नाही वाटत शोभेल.

त्या जॉन हर्टचं पुढं ऐका. १९२८ ला त्याच्या तबकड्या निघाल्या, खपल्या नाहीत, तो गेला परत आपल्या गावाकडं शेतात. अँथॉलॉजीत त्याची दोन गाणी आली आणि लोक विचारायला लागले हा कोण. कुणालाच माहीत नाही, मेला असंल म्हणून सोडून दिलं. तर त्याच १९२८ च्या एका दुसऱ्या तबकडीत त्यानं आपल्या गावाचं नाव घेतलं होतं, अ‍ॅव्हलॉन. त्या एका शब्दावरनं १९६३ साली एक माणूस नकाशा घेऊन त्या गावात गेला आणि हर्ट तिथंच सापडला, ३५ वर्षांनी. मग मोठमोठ्या जलशांत गायला, नवीन रेकॉर्डी निघाल्या, १९६६ ला वारला. तीनच वर्षं मिळाली पण मिळाली. कशामुळं, तर गाण्यात गावाचं नाव होतं म्हणून.

आणि हे वाचताना मला एकदम जनाबाई आठवली. गंगाखेडची. सातशे वर्षं झाली बाईला, जात्यावर दळणारी दासी, तिचं नाव आपल्याला माहीत कसं? तर शेवटच्या ओळीत तिनं स्वतः घालून ठेवलंय, जनी म्हणे. पैठणला नाथांनी भारुडात तेच केलं, नर्सीच्या नामदेवांनी तेच केलं. ह्या लोकांनी कागदावर भरवसाच ठेवला नाही, नाव गाण्याच्या आतच शिवून टाकलं, आता काढतो म्हणलं तर चाल मोडती. आमच्या मराठवाड्यातच तर ही युक्ती एवढी चालली, आणि आज आमच्याच इकडं गाणाऱ्याचं नाव सगळ्यात आधी गळतंय.

कसं गळतंय ते सांगतो. आमच्या इकडं लोकसंगीताची खरी विक्री कुणी केली असंल तर मोबाइलच्या दुकानांनी. आत्ता जरा कमी झालंय, पण पाच-सात वर्षांपूर्वीपर्यंत कुठल्याबी तालुक्याच्या स्टँडसमोर पाटी असायची, मेमरी कार्ड भरून मिळेल. वीस-तीस रुपये दिले की चार जीबी देवीची आराधी गीतं, भीमगीतं, गवळणी, जागरण सगळं कोंबून द्यायचा. मी त्याला नावं ठेवणार नाही, माझ्याकडं जी आराधी गाणी आहेत ती तिथलीच आहेत, आणि तुळजापूरला पायी जाताना ऐकायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण फाइलीचं नाव बघा, न्यू आराधी डीजे मिक्स नॉनस्टॉप ०७. बाई कोण गायली, कुठली, चौंडकं कुणी वाजवलं, काय पत्ता नाही. आणि ज्यानं खाली ढिच्यॅक ढिच्यॅक ताल चिकटवला त्याचं नाव मात्र दर मिनिटाला गाण्याच्या मध्येच किंचाळत येतंय, डीजे अमुक ऑन द मिक्स. म्हणजे जनाबाईची युक्ती जमली कुणाला, तर डीजेला! काढतो म्हणलं तरी निघत नाही.

त्यात आवाजाची कथा वेगळीच. चौंडक्याची तार ओढली की तो जो खालून वर चढत जाणारा आवाज येतो ना, तो एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात कॉपी झालेल्या एमपीथ्रीत नुसता पचपच येतो. संबळाच्या दोन भांड्यांतला जाड आवाज कुठला आणि बारीक कुठला कळत नाही. फोकवेजचं डाउनलोड फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न कापता ठेवलेल्या फाइलीत घेता येतं, फाइल मोठी होते पण घ्या, किमान वाद्यप्रधान असंल तर घ्याच. जुन्या रेकॉर्डिंगांमध्ये खरखर आहे, कोंबडं आरवतंय, कोणतरी खोकतंय, त्याला काय इलाज नाही आणि मला तर ते आवडतंच.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. इंग्लंडची टॉपिक रेकॉर्ड्स आहे, १९३९ पासूनची, कामगारांच्या संगीत संघटनेतून निघालेली. त्यांनी १९९८ ला इंग्लंड-आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या साध्या गाणाऱ्यांची २० सीडींची मालिका काढली, शेतकरी, खलाशी, भटके असे लोक. मी त्यातली एकच घेतली, तीबी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जुनी, नाव घेत नाही. पोस्टेज सीडीपेक्षा जास्त, डबी तडकलेली, पुस्तिकेची दोन पानं चिकटलेली. उत्तर आलं की सीडी वाजते ना मग तक्रार कसली. त्याला कसं सांगू की बाबा मला सीडी नाही तर पानंच पाहिजे होती. शिवाय घरातल्या नव्या लॅपटॉपला सीडीची जागाच नाही हे पार्सल आल्यावर लक्षात आलं, मग मेहुण्याच्या जुन्या गाडीत बसून ऐकली, लातूरच्या गंजगोलाईला दोन चकरा मारत. फ्रान्सच्या रेडिओची ओकोरा आहे, १९५७ पासूनची, रेकॉर्डिंग लई देखणं असतं, एक घेऊन बघा.

भारतातली सांगायची तर दिल्लीची अमरस रेकॉर्ड्स. राजस्थानातल्या मांगणियार लोकांचं काम त्यांनी मन लावून केलंय. लाखा खान यांची सिंधी सारंगी ऐका, २०२१ ला पद्मश्री मिळालेले कलाकार आहेत, सारंगी आणि आवाज एकाच गळ्यातून आल्यासारखे. माझ्याकडची एकुलती एक काळी रेकॉर्ड ती हीच. माझ्याकडं वाजवायचं यंत्र नाही, रेकॉर्ड भिंतीला टेकवून ठेवलीय आणि गाणी मोबाइलवर ऐकतो, हसा. पण ती बघितली की वाटतं हे जैसलमेर-बाडमेरकडं होतंय तर तुळजापूर-माहूर-अंबाजोगाईकडं का नाही. आमच्याकडं तर तीन-तीन देव्या, प्रत्येकीचे वेगळे आराधी-गोंधळी.

कागद आपल्याकडं नव्हता असंबी नाही. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात डॉ. प्रभाकर मांडे होते, २०२३ ला पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी गेले, त्यांनी आयुष्यभर ह्या कलावंत जाती-जमातींमध्ये फिरून लिहून ठेवलं. म्हणजे लिहिलेलं ग्रंथालयात, आवाज मेमरी कार्डात, आणि दोघांची गाठ कधी पडलीच नाही. फोकवेज काय वेगळं करतं, तर ह्या दोन गोष्टी एकाच पाकिटात घालतं. बस तेवढंच.

आणि आपल्याकडं ते एका ठिकाणी झालंय, ती काय कंपनी नाही, पैसेबी लागत नाहीत. जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. गी पॉइटवाँ नावाचे फ्रेंच गृहस्थ आणि पुण्याच्या हेमा राईरकर, ह्या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगाव जाऊन बायांच्या लाखावर ओव्या लिहून घेतल्या, हजारावर गावं, तीन हजारांवर बाया. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या बऱ्याच ओव्या चांगल्या यंत्रावर रेकॉर्ड केल्या. २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या परी ह्या साइटवर त्या यायला लागल्या. बहुतेक पुणे जिल्ह्यातल्या मुळशी-मावळ भागातल्या आहेत पण बीड जिल्ह्यातलं माजलगाव आहे त्यात, तिथल्या बायांनी बाबासाहेबांवर म्हणलेल्या ओव्या आहेत, १९९६ च्या. प्रत्येक बाईचं नाव, गाव, तालुका, जात, वय, लेकरं किती, काम काय करते, सगळं खाली लिहिलेलं. मागं मी म्हणलं ना जात लिहायची का नाही, इथं लिहिलीय, आणि ते वाचल्यावर ओवी वेगळी ऐकू येते. रेकॉर्डिंग एक नंबर, बांगड्यांचा आवाज सुद्धा येतो.

माझ्या मायला ऐकवल्या मी त्या ओव्या, हेडफोन लावून. दोन ओव्या ऐकल्या आणि म्हणली, चाल आपली नाही, आमच्यात जरा लांबवून म्हणतेत. म्हणलं मग म्हण की. तर आठवंना. नुसतं बसून आठवतच नाही म्हणली. जातं आता लग्नातल्या हळदीपुरतं निघतं, एरवी परसात पालथं पडलेलं. दोन-तीन दिवसांनी तांदूळ निवडताना आपसूक म्हणायला लागली, मी पळत जाऊन मोबाइल ठेवला, शेजारी मिक्सर चालू, तरी चार ओव्या आल्या. मग मी फोकवेजवाल्यासारखा वही घेऊन बसलो, नाव, गाव, तारीख. तर चिडली. माझं नाव कशाला लिहितो, मी काय केली का ती, तुझी आजी म्हणायची. आजीचं लिहितो म्हणलं तर म्हणली तिला तिच्या मावशीनं शिकवली, ती किल्लारीकडली. असं करत करत त्या चार ओव्यांना तीन नावं आणि दोन गावं लागली, आणि शेवटी म्हणली माझं लिहायचंच असंल तर सगळ्यात खाली लिही.

घ्यायचं असंल तर पहिल्यांदा पैसे घालू नका. फोकवेजच्या साइटवरनं दोन-चार पुस्तिका फुकट उतरवून वाचा, जिचं वाचून हात शिवशिवतील तोच अल्बम घ्या, नाहीतर माझ्यासारखं आवरत नाही. ओव्या तर फुकटच आहेत, त्या आधी ऐका.

आणि एक काम आहे. ऐंशी-नव्वदच्या काळात तुळजापूरला, माहूरला देवळाबाहेर आराधी गीतांच्या, गोंधळाच्या कॅसेटी मिळायच्या, कुणाच्या घरात माळ्यावर पडलेल्या असतील. टेप तुटलेली असली, बुरशी आलेली असली तरी चालंल. मला आतल्या त्या घडी घातलेल्या कव्हराचा दोन्ही बाजूंनी काढलेला फोटो पाहिजे, ज्याच्यावर बारीक अक्षरात गायक, संबळ, कोरस असं लिहिलेलं असतंय.